पाणवठे रस्त्याकाठी नकोत, नाल्यात हवेत : वनाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उपवनसंरक्षक साहेब
आणि उन्हाळी पाणवठ्यांचा आराखडा मंजूर करणारे सर्व वनाधिकारी

साहेब,

येत्या उन्हाळ्यासाठी पाणवठ्यांचा आराखडा आमच्या वन व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवला गेला. आतल्या नाल्यांमधले झिरे (वाळूत उकरलेले पाण्याचे खड्डे) उपसण्याचे काम या वर्षी नाही. वनराई बंधाऱ्यांना (माती भरलेल्या पोत्यांच्या बांधांना) पैसा नाही. त्याऐवजी सफारीच्या नव्या रस्त्याला लागून सिमेंटची टाकी बांधायची आणि टँकरने भरायची, असे ठरले आहे. आम्ही तिथेच हरकत घेतली. ती इतिवृत्तात उतरली नाही. नंतर दिलेल्या अर्जाची पोचही मिळाली नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे. विभागाचे आणि परिक्षेत्राचे नाव मुद्दाम घालत नाही. कुणा अधिकाऱ्याची बदनामी करायची नाही. निर्णय बदलून हवा आहे, आणि नाल्यांना धार आहे तोवर बदलून हवा आहे.

माझे शेत चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून आहे. धुऱ्यापलीकडे लगेच साग, ऐन, धावडा, मोह सुरू होतो. आम्ही मोह वेचतो, तेंदूपत्ता तोडतो, खरिपात धान घेतो आणि त्यामागून हरभरा, लाखोळी. हरभऱ्यात चितळ उतरतात, तुरीत रोही (नीलगाय). हिवाळ्यात जागलीला मचाणावर झोपावे लागते. या प्राण्यांनी किती खाल्ले ते मला पैशात सांगता येते. तरीही ते जंगलात राहावेत, तिथेच त्यांना पाणी मिळावे, असे मला मनापासून वाटते. त्यात माझा स्वार्थही आहे. जंगलात पाणी संपले की ते गावाकडे येतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या आणि वाघ येतात. मग मोहाच्या दिवसांत पहाटे बायकांना एकटे पाठवायची हिंमत होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतातल्या विहिरीत चितळाची मादी पडली. विहिरीला कठडा नव्हता, आणि पाणी बरेच खाली होते. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती कडेकडेने पोहत होती. दगडाच्या कपारीत पुढचा पाय अडकवून घ्यायची, निसटायची, पुन्हा पोहायची. वनरक्षक, दोन वनमजूर आणि गावातली पोरे, सगळ्यांनी मिळून जाळे सोडून तिला वर काढले. अंगावर मोठी जखम नव्हती. डोळ्यांवर ओले फडके बांधून तिला सावलीत ठेवले, तरी दुपारी ती गेली. हरणांचे असे होते. पकडल्याच्या धास्तीनेच ती मरतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जे टाके तिच्यासाठी बांधले होते ते त्या विहिरीपासून फार लांब नाही. ते कोरडे होते.

आराखड्यात ‘तृणभक्षी प्राण्यांसाठी पाणी’ असा एकच रकाना आहे. त्या एका रकान्यात निदान पाच वेगवेगळ्या सवयींचे प्राणी बसवले आहेत. एकाची तहान दुसऱ्याच्या टाक्यावर भागत नाही, हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या सगळ्या तक्रारी इथूनच निघतात.

चितळ कळपाने राहते, मुख्यतः गवत खाते, आणि उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागते. गवत वाळले की चाऱ्यातून मिळणारी ओल संपते, म्हणून मार्चनंतर कळप पाण्याच्या आसपासच फिरतात. चितळाला उघडी जागा चालते, माणसांची आणि गाड्यांची सवय होते. रस्त्याकाठच्या टाक्यावर सकाळी आणि ऊन उतरताना कळप येतो, पर्यटकांना फोटो मिळतो. टाके उपयोगी पडले, असा समज इथे तयार होतो.

सांबर हे आपल्याकडचे सर्वांत मोठे हरीण. मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. पण त्याचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतर आणि रात्री. झाडपाला, बांबू, पडलेली फळे आणि मोहाची फुले खातो, उतारावरच्या दाट झाडीत दिवस काढतो. त्याला प्यायला पाणी लागते तसे लोळायला चिखलही लागतो, आणि तलावात उतरून पाणवनस्पती खायला त्याला आवडते. ताडोब्याच्या तळ्यात किंवा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मामा तलावात (मालगुजार, म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या तलावात) छातीभर पाण्यात उभे राहून चरणारी सांबरे ज्याने पाहिली आहेत, त्याला सिमेंटच्या टाक्यात सांबराला काय मिळत नाही हे सांगावे लागत नाही.

भेकर एकटे राहते, दाट आडोशातून बाहेर यायला कचरते, आणि थोडी चाहूल लागली की कुत्र्यासारखे भुंकत आत पळते. उघड्यावर केलेला पाणवठा त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

आणि चौशिंगा. तो हरणांच्या कुळातला नाही, काळवीट आणि रोही यांच्या नात्यातला आहे. त्याची शिंगे दरवर्षी गळत नाहीत. नराच्या कपाळावर पुढे दोन आखूड शिंगे असतात आणि त्यामागे दोन लांब. जगात हा प्राणी फक्त भारत आणि नेपाळमध्ये उरला आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि जागतिक यादीत तो असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. वजन जेमतेम वीस किलो. तो एकटा किंवा जोडीने राहतो, ठरावीक लहान टापू धरतो, त्याच त्याच जागी लेंड्यांचे ढीग घालतो, आणि पाण्यापासून लांब जात नाही. जवळचा झिरा आटला म्हणून तो दोन नाले ओलांडून रस्त्याकाठच्या टाक्यावर चितळांच्या कळपात येऊन उभा राहील, अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

रोही या सर्वांत काटक. बाकीच्यांच्या तुलनेत पाण्याशिवाय जास्त काळ काढतो. गवे कळपाने येतात आणि एका वेळी पुष्कळ पाणी पितात. त्यांच्या गर्दीत लहान टाके एका रात्रीत रिकामे होते.

पाणी भरपूर ठिकाणी थोडे थोडे असले की हे सगळे प्राणी आपापली वेळ आणि आपापली जागा वाटून घेतात. चितळ दिवसा मैदानाजवळ, सांबर रात्री डोहावर, भेकर आणि चौशिंगा झाडीतल्या झिऱ्यावर, आसपास कुणी नाही असे पाहून. पाणी एकाच जागी आणून ठेवले की ही वाटणी मोडते आणि पाणवठा सर्वांत धीट आणि सर्वांत मोठ्या कळपाचा होतो. आराखड्यावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बाकीच्या तक्रारी आता एकेक मांडतो.

पहिली तक्रार जागेची. नवी टाकी कुठे घ्यायची, हे टँकर कुठवर जातो आणि जिप्सी कुठे थांबते यावरून ठरले आहे. बैठकीत याचे दुसरे कारण कुणी सांगितले नाही. पर्यटनाला माझा विरोध नाही; गावातली पोरे गाइड आहेत, त्यांच्या घरात त्यातून पैसा येतो. पण उन्हाळ्यात वाघ तासन् तास पाण्यात बसून राहतो, हे प्रत्येक गाइडला माहीत आहे. वाघ टाक्यात बसला की समोर गाड्यांची रांग लागते, आणि मागच्या झाडीत चितळ दुपारभर ताटकळत उभे असतात. दोन-तीन किलोमीटरांत दुसरे पाणी असेल तर ते तिकडे वळतील. नसेल तर त्या दिवशी पिणार नाहीत. अंगावर पिणारे पिल्लू असलेल्या मादीला असे दिवस परवडत नाहीत.

याच टाक्यांशेजारी मिठाचे चाटणही ठेवले जाते. म्हणजे मीठ तिथे, पाणी तिथे आणि शिकारी प्राणीही तिथेच. चाटण पाण्यापासून लांब ठेवायला एका रुपयाचाही खर्च नाही, तरी वर्षानुवर्षे ते टाक्याला चिकटून का असते, हे मला समजलेले नाही.

पाणी वाढवले की सगळ्यांचेच भले होते असेही नाही, याचा मोठा अनुभव दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाने घेतलेला आहे. तिथे विसाव्या शतकात तीनशेहून अधिक बोअर खोदून कोरड्या भागात पाणी आणले गेले. उत्तरेकडच्या मैदानात पाणी आल्यावर झेब्रे आणि विल्डबीस्ट तिकडे सरकले. त्यांनी उंच गवत संपवले, आणि त्यांच्यामागे सिंह आले. तिथल्याच रोन नावाच्या दुर्मीळ कुरंगाला याचा फटका बसला. 1986 मध्ये ते सुमारे 450 होते, 1993 पर्यंत सुमारे 45 उरले. मग उद्यानाने तिथले बरेच पाणवठे बंद केले. आपले जंगल आफ्रिकेचे नाही, आणि चितळ वाढल्यामुळे चौशिंगा संपेल असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण धीट कळपांना पाणी देताना बुजरे प्राणी मागे पडतात का, एवढा प्रश्न आराखडा करणाऱ्याच्या मनात यायला हवा होता. कागदावर तो कुठेही दिसत नाही.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. टाकी अर्ध्या उन्हाळ्यात कोरडी पडतात. मार्च-एप्रिलमध्ये टँकर नियमित येतो. मग कधी बिल अडकते, कधी टँकर बिघडतो, कधी तो दुसऱ्या कामाला जातो. सौर पंप असेल तिथे माकडे पाइप ओढतात, व्हॉल्व्ह तुटतो, दुरुस्तीला माणूस येईपर्यंत आठवडे जातात. आणि हे सगळे घडते ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नवतपा (सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) लागलेला असताना, चंद्रपुरात पारा 46-47 अंशांवर असताना.

असे कोरडे टाके मी जवळून पाहिले आहे. तळाला वाळलेल्या शेवाळाचे हिरवट-काळे पापुद्रे सुटलेले, त्यांवर खुरांचे ठसे, लहान आणि मोठे एकमेकांवर. पाइपच्या सांध्यातून कधीतरी थेंब पडत असावा. तिथे मधमाश्या घोंघावत होत्या, आणि त्याखालची माती चाटून चाटून पसाभर खोलगट झाली होती. ती माती किती जनावरांनी चाटली असेल, याचा विचार अजूनही मनातून जात नाही.

टाके नसते तर हे प्राणी फेब्रुवारीतच तलावाकडे किंवा नदीच्या डोहाकडे सरकले असते. आपण पाणी दिले म्हणून ते थांबले, तिथला पालापाचोळा खात राहिले, आणि ऐन कहरात आपण पाणी तोडले. मृगापर्यंत भरता येणार नसेल तर ते टाके मुळीच भरू नये. मेमध्ये आटणारा पाणवठा हा नसलेल्या पाणवठ्यापेक्षा वाईट आहे.

तिसरी तक्रार झिऱ्यांची, आणि यात माझा जीव अडकला आहे.

आपल्या भागात पाऊस कमी पडतो असे नाही. वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि डिसेंबरपर्यंत तो नाल्यांतून वाहून गेलेला असतो. पुढे साग पाने टाकतो, सावली जाते, वाळू तापते. तरीही नाल्याच्या वळणावर, जिथे खडक आडवा आला आहे, तिथे वरची वाळू कोरडी दिसली तरी हात-दीड हात खाली ओल असते. फावड्याने दोन-तीन फूट उकरले की आधी गढूळ पाणी जमते आणि थोड्या वेळात निवळते. वाळू ढासळू नये म्हणून कडेला दगड रचायचे, एका बाजूने उतार ठेवायचा, आठवड्यातून एकदा गाळ आणि पालापाचोळा काढायचा. बस्स, एवढेच काम. रानडुकरे आपणहून असे खड्डे करतात, आणि त्यांच्या मागून इतर जनावरे तिथे तोंड लावतात. जुने वनमजूर कोणत्या वळणावर कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते हे तोंडपाठ सांगतात. त्यांतले बरेच निवृत्त झाले. त्यांची माहिती कुणी लिहून घेतली नाही.

झिऱ्यावर जांभूळ, अर्जुन, करंज यांची सावली असते, पाणी तापत नाही. पाणी थोडे असते म्हणून मोठा कळप तिथे मुक्काम करत नाही, आणि म्हणूनच ते भेकराला आणि चौशिंग्याला पुरते. एका टाक्याच्या आणि त्याच्या टँकरच्या खर्चात असे कितीतरी झिरे उन्हाळाभर जिवंत ठेवता येतील. कुणाही वनरक्षकाला विचारा, तो हिशेब करून देईल. उद्घाटन करण्यासारखे त्यात काही नसते, हे मान्य आहे.

झिऱ्याला वरून जे पाणी मिळते ते बंधाऱ्यांमुळे. रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून केलेला वनराई बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, धार चालू असतानाच घालावा लागतो. तो आताच घातला नाही तर मार्चमध्ये कितीही पैसा आला तरी उपयोग नाही. आराखड्यात मात्र पाण्याचे पहिले काम फेब्रुवारीत दाखवले आहे. त्या वेळी नाला कोरडा असेल.

मामा तलाव आणि बोड्यांचीही (लहान तळ्यांचीही) तीच गत. माजी मालगुजारी तलावांची एवढी मोठी ठेव चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांना मिळाली. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळाने भरत गेले. यांतले काही तलाव आज जंगलात किंवा जंगलाच्या काठावर आहेत. सांबराला असे पाणी लागते. गाळ काढणे हे या खात्याचे काम की त्या खात्याचे, यात वर्षे गेली आहेत.

चौथी तक्रार रोगराईची. एकाच टाक्यावर चितळ, गवे आणि गावची गुरे पाणी पीत असतील तर लाळ-खुरकत किंवा फाशीसारखा (अँथ्रॅक्स) रोग एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. 1968 मध्ये बुळकांडीने (गुरांच्या जीवघेण्या साथीने) बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलातल्या गव्यांचे काय केले ते आपल्या खात्याच्या इतिहासात आहे. बुळकांडी जगातून 2011 साली संपल्याचे जाहीर झाले. लाळ-खुरकत संपलेली नाही. गावच्या गुरांमुळे धोका आहे, हे गाव मान्य करते. ग्रामसभेने ठराव करून गुरांसाठी गावाच्या बाजूला वेगळा हौद मागितला आहे. त्या ठरावाचे पुढे काय झाले ते कळले नाही.

पाण्यात विष कालवण्याबद्दल थोडेच लिहितो, कारण पद्धत शिकवायची नाही. पाणी एकाच जागी असले की शिकाऱ्याचेही काम सोपे होते, मग तो युरिया वापरो की फास लावो. गस्त मात्र पर्यटनाच्या रस्त्यावर जास्त आणि आतल्या नाल्यांवर कमी आहे.

पाचवी तक्रार मोजणीची. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून निसर्गानुभव घेतला जातो, लोक दूरवरून हौसेने येतात, आणि ते यावेतच. पण त्या रात्रीचे आकडे दुसऱ्या दिवशी ‘जंगलात इतके चितळ, इतकी सांबरे’ म्हणून छापून येतात, आणि बैठकीत त्यांच्याच आधारे टाक्यांचे समर्थन झाले. मचाण टाक्यावर बांधले तर टाक्यावर येणारेच दिसणार. भेकर आणि चौशिंगा दिसले नाहीत याचा अर्थ ते नाहीत किंवा त्यांना पाणी मिळाले, असा होत नाही. आपल्याकडे ट्रान्सेक्ट लाइन (चालत जाऊन प्राणी मोजायच्या ठरलेल्या वाटा) आहेत, कॅमेरा ट्रॅप (आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) आहेत. वाघासाठी लावलेल्या त्या कॅमेऱ्यांत चौशिंगाही टिपला जातो. त्या नोंदी बाहेर काढल्या तर कुठल्या नाल्यावर काय येते हे कळेल.

आता मागण्या.

एक. रस्त्यालगतच्या नव्या टाक्यांचे काम थांबवावे आणि तो निधी झिरे, वनराई बंधारे आणि जंगलातल्या बोड्यांचा गाळ काढणे यांकडे वळवावा. बंधाऱ्यांना मंजुरी नोव्हेंबर संपायच्या आत मिळावी. पोती आणि थोडे इंधन विभागाने द्यावे. श्रमदान गाव करेल, तसा ठराव झालेला आहे.

दोन. प्रत्येक बीटातल्या (एका वनरक्षकाकडच्या जंगलाच्या भागातल्या) नैसर्गिक पाण्याची यादी करावी. कोणता डोह, कोणता झिरा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, कोणते प्राणी येतात. हे काम वनरक्षकाने निवृत्त वनमजुरांना आणि गावातल्या जाणत्या माणसांना बरोबर घेऊन करावे, आणि त्यांना त्या दिवसांची मजुरी द्यावी.

तीन. जी टाकी आधीच आहेत त्यांतली कोणती ठेवायची ते या यादीवरून ठरवावे. जी ठेवाल ती पहिला पाऊस पडेपर्यंत भरलेली राहतील, याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर लेखी असावी. पाणी कधी भरले याची नोंदवही असावी आणि ती समितीला पाहता यावी. प्रत्येक टाक्याला एका बाजूने पिल्लू चढून येईल असा उतार करावा. जी बंद करायची ती उन्हाळ्याच्या मध्यात नव्हे, पावसाळ्यात बंद करावीत.

चार. पाण्यापासून ठरावीक अंतरावरच पर्यटकांची गाडी थांबेल आणि ठरावीक वेळच थांबेल, असा नियम करून तो पाळला जावा. मिठाचे चाटण पाण्यापासून लांब न्यावे.

पाच. गावच्या गुरांसाठी वेगळा हौद द्यावा, आणि पशुसंवर्धन खात्याशी बोलून जंगलकाठच्या गावांत लाळ-खुरकतीचे लसीकरण उन्हाळ्याआधी पूर्ण करून घ्यावे.

सहा. जंगलाला लागून असलेल्या शेतांतल्या उघड्या विहिरींची मोजदाद करून त्यांना कठडे बांधून द्यावेत. शेतकऱ्याला स्वतःच्या खर्चाने ते जमत नाही, हे मी शेतकरी म्हणून सांगतो.

सात. कॅमेरा ट्रॅपमधल्या तृणभक्षी प्राण्यांच्या नोंदी वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. नेमकी ठिकाणे जाहीर करू नयेत; शिकाऱ्यांच्या हाती ती पडायला नकोत. कोणत्या बीटात काय दिसले एवढे पुरे.

यातली एकही मागणी नवीन कायदा मागत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि गाव जंगल सांभाळू शकते हे तिथे दिसले. आम्ही इथे हक्काचा वादही घालत नाही. फक्त पाणी कुठे असावे हे ठरवताना, त्या नाल्यांतून चालणाऱ्या माणसांना विचारावे, एवढे म्हणतो आहोत. आपले वनरक्षक आणि वनमजूर यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उन्हातान्हात तेच फिरतात, विहिरीत तेच उतरतात. त्यांच्यातल्या काहींनी मला सांगितले की आतल्या झिऱ्यांबद्दल त्यांचेही मत हेच आहे. विचारले तर ते आपल्यालाही सांगतील, पण वरून विचारायला हवे.

लेखी उत्तर 15 नोव्हेंबरच्या आत मिळावे, ही विनंती. जे उत्तर येईल ते ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल. उत्तर देण्याआधी आपण एक दिवस आमच्याबरोबर नाल्याने चालावे. सकाळी लवकर निघालो तर दुपारपर्यंत नाल्याची तीन मोठी वळणे आणि जुनी बोडी पाहून होते. बरोबर दोन निवृत्त वनमजूर असतील. दिवस आपण ठरवा, बीटाच्या वनरक्षकाकडे निरोप ठेवला तरी आम्ही तयार असू.

आपला,
जंगलकाठचा एक शेतकरी,
वन व्यवस्थापन समितीचा सदस्य
जि. चंद्रपूर